‘नाही’ ऐकणाऱ्या गोकर्णाबाई

गोकर्णाबाईंच्या वहीत होकार तीन तऱ्हेने लिहिलेला असायचा. नुसतं ‘हौ’ असेल तर गाडी येणार. ‘हौ ना’ असेल तर निम्मी खात्री, सकाळी पुन्हा फोन. आणि ‘हौ ताई, पाहतो’ असेल तर त्या पुढचं ऐकूनच घेत नसत. फोन ठेवायच्या आणि दुसऱ्या ड्रायव्हरचा नंबर लावायच्या. आमच्या वऱ्हाडात हो म्हणायला ‘हौ’ म्हणतात. नकारालाही शब्द आहे, पण तो तोंडावर कुणी वापरत नाही. बाई म्हणायच्या, “मानूस नाई म्हनत नाई वो मॅडम. नाई ऐकाव लागते.”

गेल्या वर्षी त्या मेडशीत वारल्या. मला कळलं आठ दिवसांनी. तोवर आमचा संबंध उरला नव्हता. ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पाहिलेल्यांना सांगायची गरज नाही.

मी शेहेचाळीस वर्षांची असताना कंपनी काढली. त्याआधी बारा वर्षं मालेगावात संगणकाचे वर्ग चालवत होते. मालेगाव म्हणजे आमचं वाशीम जिल्ह्यातलं, नाशिककडचं नव्हे. मुलं सगळं मोबाइलवरच शिकायला लागली आणि वर्ग ओस पडले. भाचा निखिल पुण्यातली नोकरी सुटून घरी येऊन बसला होता. त्याची कल्पना, माझी खोली. इकडून रोज अकोल्याला जाणाऱ्या जीपा आणि कार असतात, त्यांत एखाददुसरी जागा रिकामी असते. ती मोबाइलवर दाखवायची, ज्याला जायचं त्याने ती धरायची. ऑफिस खत-औषधांच्या दुकानावर होतं. फवारणीच्या औषधाचा वास चहालासुद्धा यायचा.

गिऱ्हाईक म्हणून आम्ही कॉलेजची मुलं धरली होती. आले ते डायलिसिसचे पेशंट. कुणी किन्हीराजाचं, कुणी शिरपूरचं, कुणी मेडशीचं. आठवड्यातून दोनदा अकोला, वेळेत पोचलं नाही तर मशीनवरची पाळी जाते. एसटी होती, पण धक्के खात उभ्याने जाणं त्यांच्या अंगात नव्हतं. त्यांना फाट्यावर थांबणारी आणि बसायला देणारी गाडी हवी होती.

बाई पहिल्यांदा आल्या त्या भांडायला. साठीच्या आतबाहेरच्या, काटक, नऊवारीचा काष्टा घट्ट. धाकटा भाऊ महादेव त्यांच्याजवळच राहायचा. दोघांना एकमेकांशिवाय कुणी नव्हतं. त्याच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. सोमवार आणि गुरुवार त्याचे अकोल्याचे. त्या दिवशी आमची गाडी आलीच नव्हती.

“तुमच्या मोबाइलात लिवलं होतं, गाडी येत आहे. कुठून येत आहे? सर्गातून?”

मी सांगितलं, ड्रायव्हरने होकार दिला होता.

“कसा देल्ला?”

“कसा म्हणजे? हो म्हणाला.”

“थे नाई इचारून राह्यली. कसा म्हनला?”

मला प्रश्नच कळला नाही. बाईंनी खुर्ची ओढून घेतली. “उद्याचा ड्रायव्हर कोन हाय? लावा फोन. आवाज मोठा करा.”

मी लावला. पलीकडून तो म्हणाला, “हौ ना ताई, सातच्या ठोक्याले. बिलकुल टेन्शन घेऊ नोका.” आता काय म्हणता, अशा नजरेने मी बाईंकडे पाहिलं. त्या डोळे मिटून बसल्या होत्या.

“थो येनार नाई,” त्या म्हणाल्या.

तो आला नाही. तिसऱ्या दिवशी मी मेडशीला गेले आणि बाईंना कामावर घेतलं.

ही विद्या त्यांना कुठून आली ते नंतर कळलं. मेडशीच्या स्टँडवर त्यांचा एसटीडी बूथ होता. काचेच्या खोक्यात माणूस बोलायचा, बाहेर स्टुलावर बाई. “मी दोनी ऐके-पाहे,” त्या सांगायच्या. “आत मानूस सासऱ्याले म्हने, हौ मामाजी, उद्या येतो. बाहीर आला का मी पाहो, थो यष्टी इचारते का हातावर तंबाखू मयत बसते. तंबाखू मयली का समजाव, मामाजी बसले वाट पाहत.” सुरतेला, पुण्याला कामाला गेलेल्या पोरांना आया इथून फोन करायच्या. दिवाळीला कोण येणार आणि कोण नाही, हे बाईंना त्या आयांच्या आधी कळायचं. त्या कुणाला सांगत नसत. मोबाइल आले, बूथ बंद झाला. कान राहिले.

त्यांचं काम एवढंच. रोज दुपारी चारपासून सहापर्यंत ड्रायव्हरांना फोन करायचे आणि उद्याची गाडी पक्की करायची. निखिलला त्या ‘इंजिनेर’ म्हणायच्या, तो त्यांना मावशी. त्याने कंपनीसाठी शोधून ठेवलेलं इंग्रजी नाव त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं. “लोकं काय इचारतात? जागा हाय का, असं इचारतात. त मंग थेच नाव ठेव. जागा हाय.” तेच ठेवलं. लोकांच्या तोंडी बसलं.

त्यांच्या अंगात मऊपणा फारसा नव्हता. खोट्या ड्रायव्हरला फोनवर सरळ सुनवायच्या, “काहून रे बह्याडा, तुया गाडीत तुई माय असती त गेला असता का तिले सोडून?” तो हसायचा, पण पुढच्या वेळी ‘हौ’ जपून म्हणायचा. फोन झाला की मात्र राग संपलेला असायचा.

ऑफिसात आल्या की आधी तांब्याभर पाणी एका दमात प्यायच्या. मी एकदा म्हटलं, घरी पाणी नाही का? तर म्हणाल्या, “घरी महादेव असते ना.” त्याला पाणी मोजून प्यावं लागायचं, दिवसाला दोन पेले. म्हणून त्याच्यासमोर बाई पीत नसत. हे त्यांनी पाण्याचा नळ कधी येतो ते सांगावं तसं सांगितलं आणि फोन उचलला.

महादेव मी तीन-चारदाच पाहिला. हडकुळा, सुजलेल्या पावलांचा, बोलायला संकोचणारा. गाडी कितीही लवकर येवो, तो तिच्या आधी फाट्यावर. बाई फोन करत होत्या तोवर त्याची एकही पाळी चुकली नाही. इतरांचीही नाही. पहिल्या वर्षी आमची जी काही पत झाली ती निखिलच्या सॉफ्टवेअरने नाही, बाईंच्या कानाने झाली. तेव्हा मी ते मान्य केलं नाही.

गाड्या वाढल्या आणि अडचण झाली. शंभराच्या वर ड्रायव्हर, फोन करणाऱ्या एकट्या बाई. निखिलने यंत्राचा फोन तयार केला. ड्रायव्हरला आपोआप फोन जाणार, येत असाल तर एक दाबा, नसाल तर दोन. बाईंनी पडद्यावर पाहिलं.

“हे दोनच खोके कायले ठेवले?”

“मावशी, माणूस एकतर येतो, नाहीतर येत नाही.”

“थे उद्या सकायी समजते, इंजिनेर. मी आज इचारून राह्यली.”

मी निखिलच्या बाजूने होते. नागपूरचा एक गृहस्थ कंपनीत गुंतवणूक करायला तयार होता आणि त्याला हेच पाहायचं होतं, की फोन करायला माणूस लागत नाही. शेवटी तडजोड केली. बाकीच्या गाड्या यंत्राकडे, पेशंटच्या गाड्या बाईंकडे. बाई म्हणाल्या, “ठीक हाय.” त्यांनी वाद वाढवला नाही. मीही त्यांचा आवाज ऐकायचे कष्ट घेतले नाहीत.

मग बाईंचा मोतीबिंदू पिकला. अकोल्यात ऑपरेशन ठरलं, शनिवारी दाखल व्हायचं आणि सोमवारी पट्टी सोडून घरी. त्या तीन दिवसांपुरते पेशंटचे फोनही मी यंत्रावर टाकले. निखिलने आठवण करून दिली, मावशींना विचारायचं का. मी म्हटलं, तीन दिवसांचा तर प्रश्न आहे.

त्या सोमवारी मी आणि निखिल नागपुरात होतो, त्या गृहस्थाला यंत्र दाखवत.

शिरपूरचा संतोष म्हणून ड्रायव्हर होता. आदल्या संध्याकाळी त्याने एक दाबला. सकाळी त्याला तिथल्या जैन मंदिरापासून यात्रेकरूंची आख्खी पार्टी मिळाली, अकोला स्टेशनपर्यंत. मेडशी फाट्यावरून तो गेला, पण जीप गच्च भरलेली. महादेवने हात केला. संतोषने खिडकीतून अंगठा मागे दाखवला. भरलेल्या गाडीचा ड्रायव्हर आमच्याकडे असंच करतो, म्हणजे मागून दुसरी येते आहे. मागून काहीही येत नव्हतं. महादेवने आमच्या नंबरावर फोन लावला. यंत्राने गोड आवाजात सांगितलं, तुमची गाडी निश्चित झाली आहे. तो थांबला. एक एसटी त्याने सोडलीसुद्धा, निश्चित गाडी मागून येते म्हणून. दुसऱ्या एसटीने पोचला तेव्हा पाळी गेली होती. दवाखान्याने मंगळवारची वेळ दिली. सोमवारी दुपारपासूनच त्याला दम लागला. मंगळवारी पहाटे तो गेला. फुप्फुसात पाणी भरलं होतं.

मी संतोषला गाठलं. तो रडवेला झाला होता, खोटं बोलत नव्हता. मी विचारलं, येणार की नाही हे माहीत नव्हतं, तर दोन का नाही दाबला?

“दोन कसा दाबाव मॅडम? पार्टी आली त पाहू, नाई आली त जाऊ, असं होतं मनात. एकदम नाई म्हनलं त वाईट दिसते ना.”

“अरे, ते यंत्र होतं.”

“हौ. पन फोन त तुमच्याकडून आलता ना.”

मी मेडशीला गेले. बाई ओसरीत बसल्या होत्या, डोळ्यांवर दवाखान्याचा काळा चष्मा. मी कारणं सांगितली नाहीत. चूक माझी आहे, एवढं म्हटलं.

“हाय,” त्या म्हणाल्या. “तुमची नाई असं मी नाई म्हननार.” “सोमवारी सकायी फाट्यावरून त्यानं मले बी फोन केलता, दवाखान्यात. इचारे, अक्का, गाडी येईन ना? थो अंगठ्याचं बोलला तवाच मले सगयं समजलं होतं. यष्टी आली का बस तिच्यात, एवढंच म्हनाचं होतं. पन मी नसतांनी थो पयल्यांदाच एकटा चालला होता. भ्याला होता. धीर द्याव म्हनून मी म्हनलं, हौ ना, येईन.” त्यांनी चष्म्याखालून डोळा पुसला, ऑपरेशनच्या डोळ्यातून तसंही पाणी येत होतं. “दुनियेचं नाई ऐकलं मी. माया तोंडून एक निंगालं नाई.”

 

तेरवीनंतर दुसऱ्या दिवशी दुपारी बाई ऑफिसात आल्या. मी अपेक्षा केली नव्हती. नेहमीच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “पेशंटची यादी वाचा. मले अजून बारीक दिसत नाई.”

मी पहिलं नाव वाचलं, किन्हीराजाचे एक निवृत्त मास्तर. बाईंनी नंबर लावला.

“हॅलो, गुरुजी? मी गोकर्णा, जागा हायवाली. उद्यापासून आमच्या गाडीची वाट पाहू नोका. … नाई. … परवा बी नाई. … तसं नाई गुरुजी, उशिरा येईन असं नाई म्हनून राह्यली. येनारच नाई. नाई म्हंजे नाई.”

निखिल उठून उभा राहिला. “मावशी, काय करता तुम्ही हे? आत्या, सांग ना त्यांना!”

पेशंट सोडले तर आमच्याकडे फार थोडं उरत होतं, हे तिघांनाही माहीत होतं. नागपूरच्या गृहस्थाचा होकार आला होता, तोही नुसता ‘हौ’. मास्तर पलीकडून काहीतरी विनवत होते. बाई फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळल्या.

“किन्हीराजावरून यांच्यासाठी पयली यष्टी कोनती?”

मी निखिलला म्हटलं, “वेळापत्रक काढ.”

त्याने काढलं. मी वेळ सांगितली, बाईंनी ती मास्तरांना दोनदा म्हणायला लावली. मग पुढचं नाव. मी नाव वाचायची, निखिल एसटी शोधायचा, बाई सांगायच्या. कुणी चिडलं, एक बाई रडली. एकाने विचारलं, आमचं काही चुकलं का? आयुष्यभर लोकांचं न बोललेलं ‘नाही’ ऐकणाऱ्या त्या बाईने त्या दुपारी सतरा वेळा स्वतः ‘नाही’ म्हटलं, सतराही वेळा एकाच सुरात. मीच हे फोन करायला हवे होते. मला ते जमलं नसतं, हेही खरं.

यादीत अठरावं नाव महादेवचं होतं. आम्ही कुणी ते काढलं नव्हतं आणि यंत्राने त्याच्यापुढे येत्या गुरुवारची गाडी ‘निश्चित’ दाखवली होती.

बाईंनी फोन खाली ठेवला. “राह्यलं का कोनी?”

“नाही,” मी म्हटलं.

त्या डोळे मिटून थोडा वेळ तशाच बसल्या. मग उठल्या, भिंतीला हात लावत दारापर्यंत गेल्या, चपला घातल्या.

“मेडशीची यष्टी किती वाजता हाय?”

साडेचारला, मी सांगितलं.