नाकावरची सूज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मायला नाही. तुम्हाला सांगते — एकदा तोंडातून बाहेर पडलं की उद्या मी कच खाणार नाही.

माझं हे नाक, लोक ज्याला सरळ म्हणतात ते — सुरतेत ऑपरेशन करून घेतलेलं आहे. स्थळं बघून जायची, मागे नाकावरूनच कुजबुज व्हायची, आणि एक दिवस माझं डोकं फिरलं. पगार माझा, नाक माझं! त्याची मला अजूनही लाज नाही बरं का. लाज वेगळ्याच गोष्टीची आहे.

घरी सांगितलं, कचेरीचं ट्रेनिंग आहे. परतले ती नाकावर पट्टी आणि डोळ्यांखाली काळंनिळं घेऊन. शहाद्याच्या स्टँडवर न्यायला वैशालीवहिनी आल्या — माझ्या भावाची बायको. रोज गावाहून स्कूटीवर शहाद्याला बी.एड.ला यायच्या. मी गळ्यातच पडले. वहिनी, गाडी घसरली असं सांगू या ना — आठ-पंधरा दिवसांचा तर प्रश्न! त्या हो म्हणाल्या. इतक्या सहज.

आप्पांनी, माझ्या वडिलांनी, माझं तोंड बघितलं आणि स्कूटीच्या चावीसाठी वहिनींपुढे हात पसरला. "चाबी आठे ठेव. पोरनं नाक फोडी टाकं तू."

मी बोलले? नाही. उलट वहिनीच मला समजावत होत्या, "ऱ्हाऊ द्या ताई, सूज उतरनी का राग बी उतरी जाई."

पण सूज उतरेना. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं — पट्टी निघाली तरी शेंड्याची सूज वर्षभर रेंगाळते, सकाळी जास्त दिसते. मला माहीत होतं हो! वहिनींना तेवढंच सांगितलं नव्हतं. माय हळद-तुरटीचा लेप आणायची, मी मोरीत जाऊन पुसून टाकायचे. रोज सकाळी चहा पिताना आप्पा माझं फुगलेलं नाक बघायचे, आणि चावी त्यांच्या खिशातच राहायची. आमच्या गावाच्या एसटीचा काय भरवसा? वहिनींचे सराव पाठ बुडाले, मग वर्ष बुडालं, मग कापूस वेचणीच्या गडबडीत बी.एड.चं नावच कुणी काढेना.

माझ्या नाकाची सूज उतरली, लग्न जमलं. तेव्हा तरी तोंड उघडायला काय झालं होतं? सासरी कळेल — एवढीच भीती. एका बाईची मास्तरकी मी माझ्या नाकापायी घालवली, आणि माहेरी गेले की तिच्याच हातची गरम भाकरी खात राहिले. कसा गिळला मी तो घास?

उद्या माहेरी कानबाई, आमची खानदेशची देवी, बसेल. अंगणात सगळी भाऊकी असेल, माझा नवराही असेल. वहिनींना आधी विचारणार नाही; त्या अडवतील. आप्पांसमोर उभी राहून सांगणार आहे — गाडी घसरलीच नव्हती. नाक मी हौसेनं कापून घेतलं. वहिनी गाडी चांगली चालवतात.