तो अहवाल कुंदाताईचा नाही

कुंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पोलादाच्या प्लांटमधून नुकताच भिलाईतल्या सेक्टर दोनच्या क्वार्टरवर पोचलो होतो. माझी ही मोठी बहीण कोकणातल्या एका खाडीकाठी एकटी राहायची. झोपेतच गेली, असं तिची घरमालकीण म्हणाली. रडून झालं. आज लिहितोय ते संतापाने, हे आधीच सांगून टाकतो.

भंडाऱ्याहून भिलाईत आलेल्या कामगाराच्या या मुलीने समुद्र पाहिला तो कॉलेज संपल्यावर. आणि पाहिलं तरी काय, तर त्याचा चिखल! नदी समुद्राला मिळते तिथल्या गाळात, वाळूच्या कणांच्या फटींत, डोळ्याला न दिसणारे जीव राहतात. वरच्या थरात कोण, खाली कोण, गोड्या पाण्याकडे कोणती जात, खाऱ्याकडे कोणती... मोहल्ल्यातल्या शेजाऱ्यांबद्दल बोलावं तसं ती सांगायची. नाना जाती नांदत असल्या तर खाडी धड आहे, एकाच जातीची गर्दी झाली की काहीतरी बिघडलंय. आई म्हणायची, हिला माणसांपेक्षा किडे जवळचे. ताई ते हसून कबूल करायची.

त्या खाडीत धक्का बांधायचा होता. गाळ उपसण्याआधी त्यात काय जगतं याचा अहवाल हवा होता आणि ते काम ताईच्या संस्थेकडे आलं. चिखलात उतरून गाळ काढला ताईने. तिच्या बारीक चाळणीत कितीतरी जाती सापडल्या. तिच्या वरिष्ठांनी मात्र तोच गाळ मोठ्या छिद्रांच्या चाळणीतून धुवायला लावला. बारके जीव पाण्याबरोबर वाहून गेले आणि अहवालात आलं की गाळात जीवसृष्टी जवळपास नाहीच. करणाऱ्यांच्या नावांत ताईचंही नाव!

त्या दिवाळीला ती घरी आली आणि भरल्या ताटावर बोलत सुटली. "रव्याच्या चाळणीनं मैदा चाळला त्यायनं, अन् म्हणते, वर काई उरलंच नाही."

नाव तर छापून आलं ना, मग सोड आता, असं आई म्हणाली.

"आई, ते जीव जित्ते होते. मी पाह्यलं त्यायले. मी कावून खोटं बोलू?"

नाव काढा म्हणून ती वर्षानुवर्षं भांडली. नाव राहिलं, तिचं काम तेवढं काढून घेतलं. गाळही उपसला गेला.

तेरवीनंतर संस्थेने शोकसभेचा व्हिडिओ पाठवला. तेच वरिष्ठ सांगत होते की तो अहवाल म्हणजे कुंदाताईंच्या आयुष्याचं सार्थक. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांना फोन लावला आणि अहवालातून तिचं नाव काढा म्हटलं.

"अहो, आता त्या नाहीत. राहू द्या, त्यांचा मानच आहे तो."

"ती नाही म्हणूनच म्हणून राहिलो, सर. आता तिले स्वतः भांडता येत नाही."

बघू म्हणाले. ती जिवंत असतानाही बघूच म्हणत होते! म्हणून इथे छापून सांगतो, तो अहवाल माझ्या बहिणीचा नाही.

सुटीत आली की ताई मागच्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायची. दार आपटलं की टेबल हलायचं आणि पाहत असलेला जीव नजरेतून निसटायचा. म्हणून आमच्या घरात सगळे दार हाताने धरून लावतात. त्या फोननंतर मला ते दार जीव खाऊन आपटायचं होतं. उठलो, ओढलं... आणि हात आपोआप दाराच्या कडेवर गेला. दार आवाज न करता लागलं.