सावंतवाडीचा पक्षी

ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या क्युपर्टिनोहून सुट्टीला हवाईच्या माउई बेटावर गेलो, तेव्हा जंगलाच्या टूरमध्ये एक मराठी काका भेटले. कानावर मफलर, गळ्यात भारी दुर्बीण. धबधबा पाहून म्हणाले, "आंबोलीचा मोठा." धुक्यालाही त्यांनी नाकच मुरडलं.

मग समोरच्या लाल फुलांवर एक पक्षी येऊन गाऊ लागला. केशरी मान, डोक्यावर पांढरा तुरा. गाइड कुजबुजला, हा जगात फक्त याच बेटावर सापडतो.

"फेकतोय," दुर्बीण डोळ्यांना लावत काका मला म्हणाले. "आमच्या सावंतवाडीला परसात रोज यायचा."

मी खवचटपणे विचारलं, "गेल्या इंडिया ट्रिपला दिसला का?"

"गेलोय कुठे? इकडे अमेरिकेत आल्यापासून जमलंच नाही."

पक्षी उडून गेला, तरी काकांनी डोळ्यांवरची दुर्बीण काढली नाही. गाइड खूश झाला. त्याला वाटलं, पाहुण्यांना बेट आवडलं.