गुलाबमामांची दाट काळी शाई

गुलाबमामा शाईची बाटली हातात घेतली की तिच्यावरचं लेबल मोठ्यानं वाचत. बाटली उचलताना एकदा, सिरिंजमध्ये शाई ओढताना एकदा आणि जागेवर ठेवताना पुन्हा एकदा. "काळी, दाट." माझ्या टायपिंग क्लासातल्या मुली तोंडावर ओढणी धरून हसायच्या. मामा रागवत नसत. "हसा," म्हणायचे, "तीस वर्सं कंपाउंडरकी केली. एकदाच लेबल वाचणारा कंपाउंडर मला दाखवा, मी त्याच्या हातचं पाणीसुदिक पिणार न्हाई."

दौंडच्या एका दवाखान्यातून ते निवृत्त झाले होते. नुकतेच सगळीकडे इंकजेट प्रिंटर आले होते आणि रिकामी कार्ट्रिज टाकून नवी घेणं कुणालाच परवडत नव्हतं. मामांचा सुईचा हात तयारच होता. ते कार्ट्रिज भरून द्यायला लागले. दर मंगळवारी सकाळच्या एसटीनं दौंडहून शिरूरला येत. स्टँडजवळचा माझा क्लास हे त्यांचं ठाणं. खिडकीपाशी वर्तमानपत्र अंथरून बसत आणि एकेक कार्ट्रिज पेशंटसारखी तपासत. "हिच्यात हवा गेलीया," असं निदान आधी, मग उपचार. मी शेजारी उभी राहून बघत असे. "सुई हळू, बाई. दुखतंय असं समजून टोचायचं."

त्यांच्याकडे काळ्या शाईच्या दोन बाटल्या असत. एक दाट, एक पातळ. कागदावर दोन्ही सारख्याच दिसत. पण दाट शाईत बारीक पूड असते, ती कागदावर धरून बसते, पाणी लागलं तरी हलत नाही. पातळ शाई रंगाच्या पाण्यासारखी, ओल लागली की पसरते. काही मशीनला ही चालते, काहींना ती. "काळं म्हंजी सगळं एकच, असं न्हाई बाई," मामा सांगायचे. "खोकल्याचं औषध आन् टिंक्चर, दोन्ही तांबडंच असतंय." भरून झालं की ते कार्ट्रिजवर चिकटपट्टीचा तुकडा लावत आणि त्यावर तारीख आणि 'दाट' किंवा 'पातळ' असं तिरक्या, बारीक अक्षरात लिहीत.

गावातल्या एका पॅथॉलॉजी लॅबचं काम मामांकडे होतं; रक्ताच्या नळ्यांवरच्या चिठ्ठ्या तिथं छापत, म्हणून त्यांना दाटच शाई लागे. एका बुधवारी तिथली सिस्टर रिकामी कार्ट्रिज घेऊन आली. तिला त्याच दिवशी भरून हवी होती. मामा आदल्याच दिवशी येऊन गेलेले. मामा आपलं सामान माझ्याच कपाटात ठेवून जात, ते मी उघडलं. दाट शाईची बाटली संपलेली, पातळ शाईची अर्धी भरलेली. मंगळवारपर्यंत थांबा, एवढंच मला म्हणायचं होतं. पण लॅबची टायपिंगची कामं मला मिळायला लागली होती आणि नाही म्हणायचं जिवावर आलं. शिवाय, इतके दिवस बघतेय, मलाही येतंच की, असा एक तोराही होता. मी पातळ शाई भरली. पान छापून बघितलं. झकास आलं. मग मी चिकटपट्टी लावली, तारीख घातली आणि लिहिलं, 'दाट'.

पुढच्या मंगळवारी मामा क्लासात येऊन टेकतात तोवर लॅबमधून बोलावणं आलं. मीही बरोबर गेले. डॉक्टरांनी टेबलावर रक्ताच्या तीन नळ्या ठेवल्या होत्या. बर्फाच्या डब्यातून पुण्याला पाठवलेल्या, तिथून परत आलेल्या. नळ्यांवरच्या कागदी चिठ्ठ्यांवर नावांच्या जागी निळसर काळे ओघळ होते.

"कुणाचं रक्त कुठलं, काही कळत नाही," डॉक्टर म्हणाले. "यातली एक बाई कवठे येमाईची. आठवा महिना आहे तिला. परत रक्त द्यायला बोलावलं, तर जीपमध्ये चक्कर येऊन पडली. काही कमीजास्त झालं असतं तर?"

मामांनी बोट ओलं करून चिठ्ठीवर घासलं. बोट निळं झालं. त्यांनी प्रिंटरमधून कार्ट्रिज काढली आणि चिकटपट्टीवरचं अक्षर बघितलं. माझं अक्षर गोल, फळ्यावर लिहिल्यासारखं. ते बराच वेळ बघत राहिले. माझ्याकडे मात्र त्यांनी बघितलं नाही.

"माझ्याकडनं चुकलं, सायेब," ते म्हणाले.

"तुमच्यासारख्या माणसाकडून? मामा, यापुढे येऊ नका."

मी शेजारीच उभी होते. तोंड उघडायला तेवढाच वेळ होता आणि मी उघडलं नाही.

बातमी गावभर झाली. बाकीच्या ऑफिसांनीही मामांना काम देणं बंद केलं. त्यानंतर ते तीन मंगळवार आले. खिडकीपाशी बसायचे, काम काहीच नसायचं. मी चहा द्यायची. ते कप हातात धरून माझ्याकडे बघायचे आणि मी मुलींच्या मशीनकडे वळायची. चौथ्या मंगळवारी ते आले नाहीत.

तीन वर्षांनी एक बाई क्लासात नाव घालायला आली. कडेवर मुलगी. प्रिंटर बघून म्हणाली, "शाई भरणारे मामा हितंच बसत होते का?"

"तुम्ही कशा ओळखता त्यांना?"

"घरी आलते की आमच्या, कवठ्याला. ही पोटात होती तवा माझं रक्त दोनदा काढलं, त्याची माफी मागाया. सासू लय बोलली त्यास्नी. खाली मान घालून समदं ऐकलं. जाताना म्हणले, पोरी, जपून ऱ्हा."

दुसऱ्या दिवशी मी दौंड गाठलं. मामा खाटेवर उशांना टेकून बसले होते. दम्यानं बेजार झालेले. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "मामा, ती शाई मी भरली होती."

"म्हाईत हाय. अक्षर वळखलं हुतं मी."

"मग बोलला का नाहीत?"

"मी वाट बघत हुतो बाई," मामा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "चारचौघांत तुमाला खाली बघाया लागू ने, म्हणून मी घेतलं माझ्यावर. वाटलं, बाई उद्या सोताहून जाऊन सांगतील. तीन मंगळवार आलो त्यापायीच. तीस वर्सात चुकीची बाटली माझ्या हातानं उचलली न्हाई. तेवढंच हुतं माझ्यापाशी."

मला रडू आलं. त्यांनी मला गप्प केलं नाही. जरा वेळानं म्हणाले, "मला सांगून काय उपेग? डॉक्टरास्नी सांगा."

मी शिरूरला उतरले ती थेट लॅबमध्ये गेले. डॉक्टर घाईत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला. "कोण मामा? शाईवाले? हो, होतं खरं कुणीतरी. जाऊ द्या हो मॅडम, किती जुनी गोष्ट. आता लेझर प्रिंटर आहे आपल्याकडे." आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

संध्याकाळी मामांचा फोन आला. "सांगितलं?"

"सांगितलं."

"काय म्हणले?"

"फार वाईट वाटलं त्यांना," मी म्हणाले. "तुमची चौकशी केली."

मग त्यांनी विचारलं, "नाव काढलं माझं?"

"काढलं, मामा."

"बरं झालं, बाई. लय बरं झालं."

दिवाळीच्या आधीच मामा गेले. मी भेटायला गेले तेव्हा मामींनी माझा हात धरून जवळ बसवलं. "डॉक्टरांनी आठवण काढली म्हणून समद्या आळीला सांगत हुते," त्या म्हणाल्या. "तुमच्यामुळं सुखानं गेले, बाई." मी मान हलवली आणि त्यांनी पुढे केलेला चहा घेतला.