हक्कसोडीची साडी

वर्गात पोरांनी मला 'वाटा' म्हणायला सुरुवात केली, त्याला कारण मीच होते. नांदेडला वकिलीच्या पाच वर्षांच्या कोर्सचं माझं दुसरं वर्ष चालू आहे. 'कायदा आणि समाज'च्या तासाला मॅडमनी एकदा विचारलं, "तुमच्यापैकी कुणाच्या घरात मुलींनी बापाच्या जमिनीत वाटा घेतलाय?" एकही हात वर झाला नाही. मी मात्र उभी राहिले ती तास संपेपर्यंत बोलत राहिले. बहिणीच्या हातावर साडी ठेवायची आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घ्यायची, ही कसली रीत, वगैरे वगैरे. शेवटी म्हणाले, "आपण गप्प बसतो म्हणून हे चालतं." टाळ्या पडल्या. पुढे कॅन्टीनमध्ये कुणी समोसा मोडला तरी पोरं म्हणायची, "थांबा, वाटा येऊन राहिली." मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मग मॅडमनी पाहणी काढली. मुदखेडला, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात, जिथं जमिनीचे दस्त नोंदवतात. पुस्तकातला कायदा वाचलात, आता टेबलावरचा बघा, असं त्यांचं म्हणणं. मुदखेड म्हणजे माझाच तालुका. त्यामुळे गाडीतून उतरल्यापासून मी सगळ्यांच्या पुढं. स्टेशनबाहेर काकड्याच्या फुलांच्या गोण्या पडल्या होत्या, तर आमच्या शेतातही काकडा आहे, हेसुद्धा मी न विचारता सांगून टाकलं.

कार्यालयाच्या व्हरांड्यात बाकावर माझी आत्या बसली होती. बाबांची थोरली बहीण, जळकोटकडे दिलेली. मांडीवर साडीच्या दुकानाची पिशवी, शेजारी बाबा. आजोबा उन्हाळ्यात गेले. सातबाऱ्यावर बाबांच्या बरोबरीनं आत्याचं नाव लागलं होतं, आणि ते कधीतरी कमी करायचं, हे घरात ठरलेलं होतं. वर्गात भाषण ठोकलं तेव्हाही मला ते ठाऊक होतं. ते 'कधीतरी' त्याच दिवशी निघेल, एवढंच ठाऊक नव्हतं.

"ही आमची पोरगी," आत्या शेजारच्या बाईला म्हणाली. "वकील व्हायली."

माझ्या मागं अख्खा वर्ग उभा होता. काय चाललंय ते समजायला कुणाला वेळ लागला नाही. कुणी हसलं नाही. हसले असते तर मला बरं वाटलं असतं.

लोकांशी बोला, असं मॅडमनी सांगितलेलं. माझ्या एका मैत्रिणीनं आत्याला अदबीनं विचारलं, "आत्या, तुम्हाला जमिनीत वाटा मिळतो, माहीत आहे का?"

"माहीत हाय की. ह्याच पोरीनं सांगितलं फोनवर, सगळा कायदा उलगडून. लई हुशार हाय ती."

"मग का सोडताय?"

आत्या पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिली. "वाटा घेतला की माहेर तुटतं, बाई. मग पंचमीला कुणाच्या दारात जाऊ?"

बाबा वेगळ्याच कारणानं वैतागले होते. "दुकानात म्हणलं, आक्का, हिरवी घे, जांभळी घे. हिला पांढरीच पायजे. सवाष्णीनं पांढरी नेसून काय करायचं, सांग बरं." मी पिशवीकडे बघितलंसुद्धा नाही. माझं सगळं लक्ष वर्गाकडे होतं.

तेवढ्यात बाबांना फोन आला. साक्षीला येणारा चुलतकाका माल घेऊन धर्माबादला गेला होता, तो तिकडंच अडकला. आत आमचा नंबर लागला होता.

"तुझ्याकडं आधार कार्ड हाय ना, माय?" बाबांनी मला विचारलं. "ये, सही कर."

"बाबा, मी पाहणीला आलेय."

"मग पाह्य की. सही करून पाह्य."

नाही म्हणता आलं असतं. कुणालाही जबरदस्तीनं साक्षीदार करता येत नाही, हे मी पेपरात पानभर लिहिलं असतं. पण बाबा रागावले नव्हते की अडवत नव्हते. जेवताना मीठ मागावं तसं त्यांनी मागितलं होतं. मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं, मला अवघड वाटू नये म्हणून असेल. मला आणखीच अवघड वाटलं.

आत्याच्या अंगठ्याच्या रेषा कामानं झिजलेल्या, मशीन घेता घेईना. पदराला पुसून पुसून शेवटी अंगठा लागला. मग टेबलामागच्या साहेबांनी विचारलं, "स्वखुशीनं सोडताय ना? कुणाचा दबाव?"

आत्यानं वळून माझ्याकडे बघितलं. परक्या ठिकाणी माणूस आपलं माणूस शोधतं, तसं. मी मान डोलावली.

"हाव," आत्या म्हणाली.

मी सही केली. पूर्ण नाव, वळणदार अक्षरात. लाजेनं कान तापले होते, तरी अक्षर कुठं बिघडलं नाही, याची मला आजही चीड येते.

बाहेर आल्यावर आत्यानं पिशवी माझ्या हातात दिली. "कोर्टात पांढरी लागती ना तुम्हाला? मुद्दाम घेतली. पहिल्या दिवशी हीच नेस, अन् विचारलं कुणी तर सांग, आत्यानं दिली."

"असं हाय होय," बाबा म्हणाले आणि मनापासून हसले. मला तिथंच जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं.

परतीच्या गाडीत मला कुणी 'वाटा' म्हणालं नाही. त्यानंतरही कुणी म्हणत नाही. साडी होस्टेलवर माझ्या पेटीत तळाला आहे, घडी मोडलेली नाही. आत्या फोन करते तेव्हा शिक्षण किती राहिलं ते विचारते, आणि नीट जेवत जा म्हणते. मी हो म्हणते. तिच्या वाट्याची जमीन गेली, त्या जमिनीच्या बदल्यात जे आलं ते माझ्याकडे आहे, आणि तेच नेसून मला एक दिवस कोर्टात दुसऱ्या कुणाच्या हक्कासाठी बोलायचं आहे.