बाईंच्या मुलाचा नंबर

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर घरात बसून माझा जीव आंबायला लागला. आयुष्यभर कॉम्प्युटर नेटवर्किंग शिकवलं, आणि आता समोर ना फळा ना पोरं. आमच्या भागात ज्येष्ठांचं एक विरंगुळा केंद्र आहे. तिथल्या मंडळींना म्हटलं, बुधवारी दुपारी या, इंटरनेट कसं चालतं ते सांगतो. त्यांनी कॅरमचा बोर्ड बाजूला सारला आणि मला जागा करून दिली.

येणारे मोजकेच. बहुतेकांना फक्त फोटो पुढे कसा पाठवायचा एवढंच हवं होतं. एक निवृत्त कापडव्यापारी होते, त्यांना आम्ही शेठ म्हणायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "सर, हे सगळं वरनं येतंय न्हवं? उपग्रहावरनं?"

"नाही शेठ, बहुतेक सगळं जमिनीखालून येतं," मी म्हणालो. "फोनपासून टॉवरपर्यंत काय ते हवेतून. पुढं केसाएवढ्या बारीक काचेच्या तारा. रस्त्याकडेच्या चरातून त्या मुंबईला जातात आणि तिथून समुद्राच्या तळाने परदेशात."

शेठना पटलं नाही, पण मी रंगात आलो होतो. फळ्यावर कोल्हापूर आणि गारगोटी असे दोन ठिपके काढले. म्हटलं, गारगोटीला घर हलवायचंय. सगळं सामान एका टेम्पोत मावत नाही, म्हणून चार केले. प्रत्येकावर पत्ता लिहिला, अनुक्रम लिहिला. एक सरळ गेला, एक कागल-मुरगूडवरून. वाटेतल्या नाक्यावरच्या माणसाला सगळा रस्ता माहीत नसतो, पुढचा नाका तेवढा माहीत. गारगोटीत अनुक्रम बघून सामान लावायचं. एखादा टेम्पो आलाच नाही तर तिकडून निरोप येतो, तेवढं पुन्हा पाठवा. तुमच्या नातवाचा फोटो असाच तुकड्यातुकड्यांनी येतो.

मागच्या खुर्चीवर एक बाई बसायच्या. राधानगरीकडच्या शाळेत त्यांनी हयात घालवली होती, म्हणून आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणायचो. इतर दिवशी त्या गप्प असत. त्या दिवशी त्यांनी हात वर केला. आपल्या वर्गातल्या पोरांनी करावा तसा, सरळ.

"सर, मेसेजला एकच टिक असली, तर तो मेसेज तेव्हा कुठं असतो?"

इतका चांगला प्रश्न मला कॉलेजातही क्वचित कुणी विचारला होता. मी खुशीत सांगितलं, की मेसेज आधी कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरवर जातो. तिथं पोचला की एक टिक. समोरच्याचा फोन बंद असेल तर तो तिथंच थांबून राहतो. फोन चालू झाला, मेसेज उतरला, की तिकडून पोच येते आणि दुसरी टिक दिसते. वाचला की निळी.

"म्हणजे दोन टिका आल्या तर फोन नक्की चालू हाय."

"नक्की."

वर्ग सुटल्यावर सगळे गेले, बाई बसून राहिल्या. मग उठून आल्या आणि त्यांनी फोन माझ्या हातात दिला. वर नाव नव्हतं, नुसतं 'बाळ' लिहिलं होतं. खाली बाईंचे मेसेज. जेवलास का. आज भाजी करपली. शेजारच्यांनी गाडी दारात लावली, तू असतास तर बोलला असतास. प्रत्येकापुढे एक टिक. मी अंगठ्याने वर सरकवत राहिलो, सगळीकडे एकच टिक. आणि अगदी तळाशी, गेल्या काही दिवसांच्या मेसेजपुढे, दोन. निळ्या.

"माझा मुलगा," बाई म्हणाल्या. "पुण्यात होता. आजारी पडला आणि गेला. वर्ष उलटून गेलं." मग म्हणाल्या, "मी शाळा शिकवलीय सर. मेलेलं माणूस मेसेज वाचत नाही, हे मला कळतं. मग हे कोण वाचतंय?"

त्या गोल चौकटीत मुलाचा फोटो राहिला नव्हता. तिथं एका म्हशीचा फोटो होता, शिंगांना रंग लावलेल्या. बाई म्हणाल्या, "त्याला म्हशीची भीती वाटायची."

मला काय झालं असेल ते बघताक्षणीच कळलं होतं. सांगायला मात्र वेळ लागला. रिचार्ज संपलं की सिमकार्डाची कंपनी काही महिने वाट बघते, मग नंबर बंद करते आणि आणखी काही महिन्यांनी दुसऱ्या कुणाला तरी देते. नंबर आपला नसतोच, वापरायला दिलेला असतो.

"आणि आधीचे? एक टिकवाले?"

"ते काही दिवस ठेवतात, बाई. कुणी घेतले नाहीत तर पुसून टाकतात."

"म्हणजे ते कुणालाच मिळाले न्हाईत."

"नाही."

"मला वाटायचं, कुठंतरी साठतायत," असं म्हणून त्यांनी फोन पिशवीत ठेवला आणि पिशवीचे बंद नीट बांधले.

पुढच्या बुधवारी त्या वर्गाआधीच आल्या. म्हणाल्या, त्या नंबरला फोन लावा, माझं धाडस होत न्हाई. आम्ही केंद्राच्या मागच्या पायरीवर बसलो आणि मी स्पीकरवर फोन लावला.

"हॅलो, कोण बोलतंय?" पलीकडचा आवाज मोठा होता, मागे बादल्यांचा खणखणाट.

मी कोल्हापुरातून बोलतोय म्हणालो आणि विचारलं, हा नंबर तुमच्याकडे कधीपासून आहे.

"का हो पावणं? नंबर माझाच हाय. मलकापुरात दुकानातनं रीतसर घेतलाय." मग त्याला एकदम आठवलं. "ते जेवलास का, जेवलास का पाठवणारं तुम्हीच व्हय? आमच्या मंडळींनी घर डोक्यावर घेतलंय की! ही कोण बाई तुमच्या जेवणाची चौकशी करतीया म्हणून!"

बाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "मी करत होते. माझ्या मुलाचा नंबर होता तो. तो वारलाय. मला ठाऊक नव्हतं नंबर दुसऱ्याला गेलाय ते."

बादल्यांचा आवाज थांबला.

"मावशी," तो म्हणाला, "चुकलं माझं. म्हैस धुवत हुतो, बोललो आपलं. तुम्ही पाठवत जावा की. माझी काय हरकत न्हाय. मंडळींस्नी मी सांगतो."

"नको, बाळा," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

माणूस मनाचा चांगला होता, यात शंका नाही. पण त्याच्या चांगुलपणानेच घात केला. सवयीने असेल, दोन-तीन दिवसांनी बाईंनी पुन्हा एकदा लिहिलं, जेवलास का. आणि त्यानं उत्तर दिलं. बाई मला ते दाखवायला वर्ग चालू असतानाच आल्या, सगळ्यांच्या देखत फोन पुढे केला. 'बाळ' या नावाखाली, मुलाच्या जुन्या मेसेजच्या रांगेतच, आलं होतं: "व्हय मावशी, जेवलो."

"मावशी," बाई म्हणाल्या. "त्या नंबरावरनं माझा मुलगा मला आई म्हणायचा, सर."

शेठ खुर्चीवरून उठून उभे राहिले. मी बाईंना तो नंबर ब्लॉक करून दिला. मला येत होतं ते तेवढंच.

त्यानंतर बाई आल्या नाहीत. मी काही आठवडे वर्ग रेटला. समुद्राखालच्या तारांचं चित्र काढायचो आणि मध्येच थांबायचो, पुढे काय सांगायचं ते सुचायचं नाही. मंडळी कंटाळली, कॅरमचा बोर्ड पुन्हा मधोमध आला.

उन्हाळ्यात एकदा मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी पन्हं दिलं. टेबलावर साधा, बटणांचा फोन होता. जुना कुठे आहे विचारलं तर म्हणाल्या, बंद करून कपाटात ठेवला होता. परवा मुलाचे शब्द वाचावेसे वाटले म्हणून चालू केला, तर उघडेना.

मी बघितला. एरवी फोन त्यांच्या बोटाच्या ठशावर उघडायचा. पण पूर्ण बंद करून चालू केला की ठसा चालत नाही, आकडे मागतो. आकडे मुलाने घातले होते, फोन आणून दिला त्या दिवशी. बाईंनी फोन कधी बंदच केला नव्हता, म्हणून त्यांना ते कधी लागलेच नव्हते. मी त्याचा वाढदिवस घालून बघितला, मग त्यांचा, मग घराचा नंबर. दर चुकीनंतर फोन आणखी जास्त वेळ थांबायला सांगायचा.

"दुकानवाला म्हणतो, सगळं पुसावं लागंल, मग चालू हुईल," बाई म्हणाल्या.

"पुसू नका."

"तुम्ही सांगितलं होतं ना, मोठ्या कॉम्प्युटरवर असतंय सगळं? तिथनं मिळंल का?"

तिथं असतो तो न पोचलेला मेसेज. पोचलेला फक्त दोन फोनांत राहतो, त्याच्या आणि यांच्या. मुलाचा फोन त्याच्या खोलीतल्या मित्रांनी पुसून कुणाला तरी देऊन टाकला होता. वेगळी प्रत ठेवायची सोय असते, पण ती चालू करावी लागते, आणि बाईंच्या फोनवर ती कुणी चालू केली होती असं त्यांच्या बोलण्यातून कुठेच दिसेना. हे सगळं मी त्यांना सांगितलं. एवढी वर्षं हेच शिकवत आलो होतो, शब्द आपोआप येत गेले, आणि प्रत्येक वाक्याला बाईंचा चेहरा आणखी लहान होत गेला.

"पण आत हाय ना?" त्यांनी विचारलं.

"आहे."

त्यांनी फोन पदराने पुसला आणि पुन्हा चार्जिंगला लावला. मी उठलो. त्या दारापर्यंत आल्या नाहीत. पडद्यावर नुसते आकडे मागणारी चौकट होती, तिच्याकडे बघत त्या बसून होत्या.