वहिनींचं शिक्क्याचं लॉकेट

हे लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. घरात जुन्या दागिन्यांचा विषय निघाला की मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठायचो. मोठ्या वहिनींच्या आठवणी निघतात तेव्हा सगळे मला त्यांचा लाडका दीर म्हणतात. ते आता ऐकवत नाही.

सत्तरच्या दशकात इतवारीत आमची सराफी पेढी होती. मोडीत विकायला आलेल्या दागिन्यांत कधीमधी जुना शिक्का यायचा. तांबूस अकीकाचा छोटासा दगड, त्यावर उलटी कोरलेली अक्षरं. मऊ लाखेवर दाबला की अक्षरं सरळ उमटत. कोण कुठला कारभारी तो कुठल्या कागदांवर उमटवायचा, काही कळत नसे. पण मी बघत बसायचो.

"सराफाचं पोर अन् दगडावर जीव!" वडील म्हणायचे. "याले सोनं दिसतच नाही."

मग धरमपेठेतल्या शिकलेल्या बायका सुती साडीवर घालायला असले शिक्के मागू लागल्या आणि वडील गप्प झाले.

सगळ्यात देखणा शिक्का मात्र आमच्या घरातच होता, वहिनींच्या गळ्यात. काटोलच्या माहेरून आलेला. पुढे अकीक, मागे सोन्याची पोकळ, बंद डबी. डबीचा एक कोपरा चेपला होता. मला ते लॉकेट गिऱ्हाइकांना नमुना म्हणून दाखवायचं होतं. वहिनींना म्हटलं, चेप काढून देतो.

"भाऊजी, कवापासून डोळा ठेवून राहिले तुम्ही याच्यावर!" त्या हसल्या. "न्या. पण संध्याकाळी माह्या गळ्यात पायजे. अन् जे करायचं ते वरून वरूनच करा."

सोनं झिजेल म्हणून सांगत असतील, असं मी धरून चाललो.

पोकळ दागिन्यात लाख भरलेली असते. चेप काढायचा तर ती वितळवून काढायची, पत्रा आतून उचलायचा, पुन्हा लाख भरायची. विस्तवावर धरण्याआधी 'आत काही ठेवलंय का?' हे विचारायची आमच्या पेढीवर रीत होती, कारण बायका अंगारा, एखादी मुळी ठेवत. घरच्या माणसाला काय विचारायचं, म्हणून मी विचारलं नाही.

डबी चिमट्यात धरली, फुंकणी लावली. लाख पाझरू लागली. लाखेचा वास मला लहानपणापासून ओळखीचा. हा तो नव्हता. केस जळत होते. मी दचकून हात मागे घेतला तोवर लाखेबरोबर एक बारीक, मऊ कुरळी बट निखाऱ्यावर पडली आणि आखडून गेली. मी बघतच राहिलो. मग चेप काढला, नवी लाख भरली, लॉकेट घासूनपुसून लखलखीत केलं.

संध्याकाळी वहिनींनी ते मुठीत घट्ट धरलं.

"खोललं नाही ना, भाऊजी?"

"नाही," मी म्हणालो. इतक्या सहज, की माझं मलाच नवल वाटलं.

"बरं झालं. याच्यात माह्या पयल्या बाळाचं जावळ हाये. फोटो काढायचा राहूनच गेला होता न त्याचा."

बाळ तापाने गेलं होतं, एवढंच मला ठाऊक होतं. घरात कुणी त्याचा विषय काढत नसे. मी तिथेच बोलायला हवं होतं. 'कोपरा झकास झाला ना?' असं काहीतरी विचारून बाहेर पडलो. त्यानंतर रोज आंघोळीनंतर त्या लॉकेट डोळ्यांना लावायच्या, आणि मी चहाचा कप तसाच टाकून उठायचो.

बऱ्याच वर्षांनी त्या दवाखान्यात होत्या. मी एकटाच जवळ बसलो होतो.

"भाऊजी, सोनं सारं काढून घ्या नंतर," लॉकेट मुठीत धरून त्या म्हणाल्या. "पण याले माह्यासंगं जाऊ द्या. मले अन् त्याले एकत्रच."

"हो," मी म्हणालो. घरच्यांची कुरबुर न ऐकता ते लॉकेट त्यांच्या गळ्यात तसंच राहू दिलं. चितेजवळ उभा होतो तेव्हाही शब्द ओठांवरच राहिले: वहिनी, तुमच्या बाळाचं जावळ मी जाळलं, आणि तुमच्याशी खोटं बोललो. मला माफ करा.